चर्चमध्ये ड्रमसेट: लोकप्रिय संगीत उपासनेत आणणाऱ्या अँग्लिकन पाळकांना काही पूर्वपरंपरा आहे का?

प्रश्न: नगरचा टेनर

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा अहमदनगरचा. गेली अकरा वर्षे इंग्लंडच्या मध्य भागातील एका छोट्या शहरात राहतो आणि तेथील अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील, चर्चच्या गायनवृंदात टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गातो. घरी आजीच्या काळापासून पेटी-तबल्यावरची उपासना ऐकलेली असल्यामुळे देवासमोर अमुकच वाद्य वाजले पाहिजे, असा माझा आग्रह कधीच नव्हता. तरीही सध्या आमच्याकडे जो वाद पेटला आहे त्यात कोणाच्या बाजूने हात वर करावा हे मला ठरवता येत नाही, म्हणून येथे विचारतो.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नवे व्हिकर आले. आपण ज्यांना पाळकसाहेब म्हणतो तेच. येथे मात्र सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि ते अजूनही माझ्या तोंडून निघत नाही. गृहस्थ चाळिशीतले, उत्साही आणि एके काळी हौशी बँडमध्ये बास गिटार वाजवणारे आहेत. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळचे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी) रेडिओवर ऐकू येणाऱ्या गाण्यांच्या साथीने घ्यायचे, असे त्यांनी जाहीर केले. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक माणसे आली होती. वेदीच्या डाव्या बाजूला, जेथे एरवी नाताळची गव्हाणी मांडतात, तेथे ड्रमसेट होता आणि आवाज घुमू नये म्हणून मोठ्या ढोलात कोणीतरी जुनी उशी कोंबली होती. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा लोक उभे राहून उत्सुकतेने गाऊ लागले, परंतु दुसऱ्या कडव्यात गायिकेने ओळ ठोक्याच्या जरा मागून उचलली, तीत एक हरकत, म्हणजे गळ्याची छोटी नक्षी, घेतली आणि सगळी मंडळी एकदम गप्प झाली. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी चष्मा काढून घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानंतरची चार गाणी आम्ही फक्त ऐकली.

आमच्या ऑर्गनवादकांचे वय 74 आहे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र दिले की हा प्रकार चालू राहणार असेल तर आपण रविवारी सकाळीही ऑर्गनवर बसणार नाही. आता तीन आठवड्यांनी चर्चच्या समितीची बैठक आहे आणि गायनवृंदाच्या वतीने मला बोलायचे आहे.

अँग्लिकन चर्चमध्ये असा प्रयोग यापूर्वी कोणी केला होता का, आणि त्याचे पुढे काय झाले? अंतिम निर्णय कोणाचा असतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वतःच्या आवडीनिवडी बाजूला ठेवून अमुक गाणे उपासनेला चालेल आणि तमुक चालणार नाही, हे सांगण्याची काही कसोटी आहे का?


उत्तर: भाता आणि पट्टी

आपल्या व्हिकरांना वाटत असेल की आपण काही नवे करतो आहोत, तर त्यांना फादर जेफ्री बोमाँट यांच्याविषयी जरूर सांगा. 1903 मध्ये जन्मलेले हे गृहस्थ केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे चॅप्लेन, म्हणजे तेथले पाळक, होते आणि पुढे दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील सेंट जॉर्ज चर्चचे व्हिकर झाले. त्यांनी रचलेली ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फोक मास’ (‘मास’ म्हणजे प्रभुभोजनाची उपासना) 1956 मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे आपल्या चर्चमधला वाद सत्तर वर्षे जुना आहे. 1957 मध्ये उत्तर लंडनमधील हायगेटच्या सेंट ऑगस्टीन चर्चमधून ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि वेदीसमोर नृत्यवृंदाच्या थाटाची वाद्ये वाजताना इंग्लंडने घरबसल्या पाहिली. बोमाँट यांचे सहकारी पॅट्रिक ॲपलफर्ड हेही अँग्लिकन पाळकच. या मंडळींनी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी चर्च लाइट म्युझिक ग्रुप’ असे लांबलचक नाव घेऊन नव्या चालींच्या पुस्तिका काढल्या.

येथे ‘फोक’ या शब्दाने फसू नये. खेड्यापाड्यांतील जुनी लोकगीते बोमाँट यांना अभिप्रेत नव्हती. कॅम्बरवेलचा कामगार आठवडाभर जे संगीत ऐकतो, शीळ घालत गुणगुणतो, ते त्यांच्या लेखी लोकांचे संगीत होते. शब्दांना त्यांनी हात लावला नाही, प्रार्थनापुस्तकातील प्रभुभोजनाचा क्रम तोच राहिला आणि चाली तेवढ्या फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ अशा नाचाच्या वळणाच्या आल्या. गंमत अशी की 1956 साली इंग्लंडमधील तरुण मुले चित्रपटगृहांत खुर्च्यांमधल्या वाटेवर रॉक अँड रोलवर नाचत होती आणि बोमाँट यांच्या चालींना वास येत होता तो युद्धापूर्वीच्या नाट्यगृहांचा. त्यांनी आणलेले ‘आजचे’ संगीत त्यांच्या स्वतःच्या तारुण्यातले, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे होते. मला यात त्यांचा दोष वाटत नाही. पाळक ज्या वयात स्वतःच्या मताने काही करू शकतो, त्या वयापर्यंत त्याच्या कानात बसलेले संगीत जुने होऊन गेलेले असते. आपल्या व्हिकरांच्या गाण्यांची यादी काढून प्रत्येकापुढे साल लिहून पाहा. बहुतेक सालांना ते विशीत असतील, असा माझा अंदाज आहे.

परंतु बोमाँट यांच्या रचनेतली एक गोष्ट समीक्षकांच्या गदारोळात झाकली गेली, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच दिसते. पुढे उभा असलेला गायक एक तुकडा म्हणतो आणि मंडळी तोच तुकडा तसाच परत म्हणते. हातात स्वरलिपी नको, आधी तालीम नको; जो माणूस आयुष्यात प्रथमच चर्चमध्ये शिरला आहे त्यालाही चौथ्या मिनिटाला गाता येते. कीर्तनकार ध्रुपद टाकतो आणि टाळकरी ते उचलतात, ही पद्धत आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. आपल्याकडच्या त्या संध्याकाळी जे बिघडले ते ड्रममुळे नव्हे. मुळात एकट्या गायिकेसाठी बांधलेले, तिच्या हरकतींवर आणि ठोक्यामागून येण्यावर उभे असलेले गाणे चाळीस जणांच्या तोंडी दिले गेले, आणि तेथे ते पडले.

याही आधीचे उदाहरण हवे असेल तर पर्सी डिअरमर यांचे घ्या. हे लंडनमधील प्रिमरोझ हिलच्या सेंट मेरी चर्चचे व्हिकर. 1904 मध्ये ते घोडागाडीतून राल्फ व्हॉन विल्यम्स या तरुण संगीतकाराच्या दारात उतरले आणि नव्या गीतसंग्रहाचे संगीत तुम्ही पाहा, असे म्हणाले. काम दोन महिन्यांचे आहे आणि खर्चापोटी प्रत्येकी पाच पौंड घालायचे आहेत, असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात दोन वर्षे आणि सुमारे अडीचशे पौंड लागले. (चर्चच्या समितीपुढे मांडलेले अंदाजपत्रक आणि झालेला खर्च यांचे नाते तेव्हाही हेच होते.) हा संगीतकार रूढ अर्थाने श्रद्धाळू नव्हता, तरी 1906 मध्ये निघालेल्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये त्याने शेतमजुरांच्या आणि गाडीवानांच्या तोंडून स्वतः टिपलेल्या चाली बेलाशक घातल्या. ससेक्समधील मंक्स गेट येथे हॅरिएट व्हेराल नावाच्या बाईंनी त्याला कप्तानाची हाक आल्यावर प्रियेचा निरोप घेणाऱ्या खलाशाचे गाणे म्हणून दाखवले होते. त्या चालीवर आज इंग्लंडभर यात्रेकरूचे गीत गायले जाते. बेथलेहेमवरचे जे नाताळगीत तुम्ही दर डिसेंबरात गाता, त्याची इंग्लंडमधील चाल फॉरेस्ट ग्रीन या सरेमधील गावी 1903 मध्ये ऐकलेल्या नांगऱ्या पोराच्या गाण्याची आहे. या पुस्तकावर ब्रिस्टलच्या बिशपांनी बंदी घातली खरी, पण ती संतांना उद्देशून केलेल्या प्रार्थनांच्या शब्दांमुळे. प्रेमगीताच्या चालीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

आणि आणखी एक, हे बैठकीत नक्की सांगा. त्याच पुस्तकात मिश्र मंडळीला गाता यावे म्हणून चालींच्या पट्ट्या मुद्दाम जितक्या खाली ठेवता येतील तितक्या ठेवल्या होत्या. आपल्या बँडने गाणे मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत वाजवले असणार. ते दोन-तीन स्वरांनी खाली आणले असते तर आजींचा चष्मा कदाचित नाकावरच राहिला असता.


उत्तर: पायरीचा दगड

अंतिम निर्णय कोणाचा, एवढ्याच प्रश्नापुरते लिहितो; संगीतातले मला कळत नाही. मी काही वर्षे इंग्लंडमधील एका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मंडळीच्या, समितीवर होतो.

चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमसंहितेतील बी 20 हे कलम संगीताविषयी आहे. गीते आणि चाली निवडताना पाळकाने ऑर्गनवादकाच्या किंवा संगीतप्रमुखाच्या सल्ल्याची योग्य दखल घ्यावी, परंतु अखेरची जबाबदारी आणि निर्णय पाळकाचाच, असे ते स्वच्छ सांगते. म्हणजे आपल्या ऑर्गनवादकांना नकाराधिकार नाही. मात्र त्याच कलमात पुढे पाळकावर एक कर्तव्यही टाकले आहे: शब्द आणि संगीत ही दोन्ही देवाच्या घरातील उपासनेच्या गांभीर्याला आणि तेथे जमलेल्या मंडळीलाही साजेशी असली पाहिजेत. जमलेल्या मंडळीला, हे शब्द समितीच्या बैठकीत सहसा कोणी वाचून दाखवत नाही आणि आपल्या प्रसंगी तेच उपयोगाचे आहेत. जी मंडळी दुसऱ्या कडव्यापासून मुकी उभी होती तिला ते संगीत साजेसे होते का, एवढा प्रश्न आपण नम्रपणे विचारू शकता.

बाकी व्यावहारिक बाबी थोडक्यात. प्रभुभोजनाच्या मुख्य प्रार्थना मान्यताप्राप्त पाठातल्याच हव्यात, त्यांच्या जागी गाणे चालत नाही. मधल्या गीतांची निवड मोकळी आहे. पडदा, ध्वनिक्षेपक असे काही भिंतीत कायमचे बसवायचे असेल तर बिशपांच्या धर्मप्रांताची ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. हलवता येणाऱ्या ड्रमसेटला तिची गरज नाही. गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवण्यासाठी चर्चने परवाना घेतलेला असतो, पण त्यात मुख्यतः धार्मिक गीतांचा साठा येतो, रेडिओवरची गाणी बहुधा येत नाहीत. हे आधी तपासून घ्या. आमच्याकडे एकदा ऐन उपासनेच्या आदल्या रात्री हे लक्षात आले आणि खजिनदारांनी सगळे शब्द झाकण्यासाठी पडद्यावर सूर्यास्ताचे छायाचित्र लावले.


उत्तर: शेवटचा बाक

वरील उत्तरांत नव्या संगीताची बाजू फारच सहज मान्य झाली आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. सैतानाकडेच सगळ्या चांगल्या चाली का असाव्यात, हे वाक्य अद्याप कोणी वापरलेले नाही याबद्दल आभारी आहे. ते जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या नावावर सर्रास खपवले जाते, परंतु त्याच्या लिखाणात कोठेही सापडत नाही. बैठकीत कोणी ते म्हटले तर तेवढे सांगावे.

मंक्स गेटची चाल आणि रेडिओवरचे गाणे यांत मूलभूत फरक आहे. शेतकऱ्याच्या चालीवर दुसरे शब्द चढवले गेले तेव्हा शहरातल्या मंडळीला ते मूळ प्रेमगीत ठाऊकच नव्हते; चाल कोऱ्या पाटीसारखी हाती आली. आजचे गाणे मात्र गायकाचा चेहरा, चित्रफीत आणि ऐकणाऱ्याचे एखादे जुने प्रेमप्रकरण, असे सगळे लटांबर सोबत घेऊन येते. 2005 मध्ये अमेरिकेतील मेन राज्यातील यॉर्क हार्बर येथे पेज ब्लेअर या एपिस्कोपल, म्हणजे तेथील अँग्लिकन परंपरेच्या, पाळकबाईंनी आयर्लंडच्या यू टू या बँडच्या गाण्यांवर संपूर्ण प्रभुभोजन घेतले. ‘यूटूकॅरिस्ट’ या नावाने तो प्रकार पसरत गेला आणि 2007 मध्ये इंग्लंडमधील लिंकनच्या सेंट स्विदिन चर्चमध्येही पोहोचला. त्या मंडळींचा हेतू चांगला होता, जगातील दारिद्र्याकडे लक्ष वेधणे हा त्यामागचा मोठा भाग होता, आणि त्या बँडच्या गीतांत बायबलचे संदर्भ भरपूर आहेत हेही खरे. पण एकाच बँडच्या नावाने उपासना ओळखली जाऊ लागली की येणारा माणूस कोणासाठी येतो, हा प्रश्न उरतोच. ‘बाख यांचे प्रभुभोजन’ असे कोणी म्हणाले तर मी हीच हरकत घेईन.

उलट एक प्रयोग मला मनापासून पटतो आणि तो जॅझचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये 21 मे 1965 रोजी पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डी यांनी आपल्या त्रिकुटासह प्रभुभोजनाला साथ केली. ही कल्पना चार्ल्स गोम्पर्ट्झ या तरुण एपिस्कोपल पाळकाची. सॅन राफेल येथील सेंट पॉल चर्चच्या गायनवृंदाने त्यासाठी सुमारे दीड वर्ष तालीम केली होती. त्या ध्वनिमुद्रणात ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे गायनवृंद साधे, संथ, एकसुरी वाटावे असे जुन्या वळणाचे पठणच गातो. त्याला कोणी झुलायला लावलेले नाही. झुलतो तो पियानो, आणि तोही शब्दांच्या मधल्या जागांत. पुढे सप्टेंबरमध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी त्याच कॅथीड्रलमध्ये आपली पहिली पवित्र संगीतसभा केली. तिला त्यांनी संगीतसभा म्हटले, उपासना म्हटले नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. आपल्या व्हिकरांना शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये बँडचा कार्यक्रम करायचा असेल तर मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन. प्रभुभोजनाला मला ती गाणी नकोत.


उत्तर: कोपऱ्यातला कीबोर्ड

थोडे विषयांतर, पण विषयालगतच. ज्या बँडचे गाणे 1986 मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपले, त्या कम्युनार्ड्सचे कीबोर्डवादक रिचर्ड कोल्स 2005 मध्ये अँग्लिकन पाळक झाले आणि पुढे नॉर्थॅम्प्टनशरमधील फिनडन गावचे व्हिकर होते. पॉप संगीतातल्या माणसाला पाळक होता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पॉप गाण्याला उपासनागीत होता येते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझे मत ‘शेवटचा बाक’ यांच्याकडे झुकते.


उत्तर: पिंपळाचा पार

प्रश्नकर्ते नगरचे आहेत आणि तरीही या चर्चेत नगर आले नाही, याचे आश्चर्य वाटले. म्हणून लिहितो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक अँग्लिकन नव्हते. त्यांचे काम नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पण लोकांचे संगीत उपासनेत आणण्याचा जो वाद तुम्ही आज इंग्लंडमध्ये पाहता आहात, तो त्यांनी आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निभावला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या काळी मराठी मंडळी परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गात असे; इंग्रजी चालीचे आघात एकीकडे आणि मराठी शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ दुसरीकडे, त्यामुळे शब्द ओढून-ताणून बसवावा लागे. ज्याला अभंगाची आणि ओवीची सवय आहे त्याच्या जिभेला हे कसे वाटत असेल याची कल्पना करा. टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि त्यांची कितीतरी पदे आजही ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक उघडल्यावर समोर येतात. आपल्या आजी पेटी-तबल्यावर जे गात होत्या त्यातले बरेचसे त्यांचेच असणार.

यात एक अँग्लिकन पाळकही आहेत, आणि आपल्या व्हिकरांना सांगायला ते जास्त उपयोगी पडतील. जॅक विन्स्लो हे इंग्लंडमधून एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनतर्फे आपल्याकडे आलेले पाळक. त्यांनी 1922 मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला, जो पुढे पुण्यात स्थिरावला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. जमिनीवर मांडी घालून बसणे, खादी, शाकाहारी पंगत आणि मराठी भजन हे त्या आश्रमाचे रोजचे जगणे होते. विन्स्लो यांनी 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि त्यांच्या पदांना इंग्रजीत नेले. भारतीय मंडळीसाठी प्रभुभोजनाचा वेगळा विधी असावा म्हणून ते ज्या खटपटीत होते, तिला मुंबईचे तेव्हाचे बिशप पामर यांनी पाठबळ दिले.

मला या दोघांमध्ये आणि आपल्या व्हिकरांमध्ये एक फरक दिसतो. टिळक काय किंवा विन्स्लो काय, मंडळीला जे आधीपासून तोंडपाठ गाता येत होते तेच त्यांनी उपासनेत आणले. अभंग माजघरात, जात्यावर, दिंडीत, सगळीकडे समूहाने गायले जात होते. फक्त चर्चच्या उंबऱ्याबाहेर होते. आपल्या व्हिकरांनी आणलेले गाणे लोकांनी हजारदा ऐकले असेल, पण गायले कितीदा? मोटारीत, काचा वर करून, एकट्याने. ‘भाता आणि पट्टी’ यांनी जे लिहिले त्याच्याशी मी या बाबतीत सहमत आहे. ‘शेवटचा बाक’ यांचे आठवणींच्या लटांबराबद्दलचे म्हणणे मात्र मला पटत नाही. टिळकांच्या अभंगाचा छंद कानी पडताच मराठी माणसाला पंढरी आठवतच होती; त्यांनी ती आठवण पुसली नाही, तिच्यावरूनच वाट काढली. त्या वेळी मंडळीतल्या जुन्या लोकांची हरकतही नेमकी हीच होती, की ज्या धर्मातून बाहेर आलो त्याचेच सूर पुन्हा कशाला.


प्रश्नकर्त्याचे उत्तर: नगरचा टेनर

सर्वांचे मनापासून आभार. बैठक परवा झाली. काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

पट्टीचा आणि ‘जमलेल्या मंडळीला’ या शब्दांचा मुद्दा मी मांडला. व्हिकर आपले म्हणणे सोडतील असे वाटले नव्हते, परंतु त्या संध्याकाळी लोक गप्प झाले होते हे वेदीसमोर उभे राहून त्यांनीही पाहिले होते आणि त्याचे त्यांना वाईट वाटत होते. पुढच्या वेळी पाच गाण्यांऐवजी दोनच, ती तीन स्वर खाली, आणि गायिकेने प्रत्येक ओळ आधी एकदा सरळ, हरकतीशिवाय म्हणून दाखवायची, असे ठरले. ड्रम राहणार. गायिका थोडी हिरमुसली आहे. संगीतसभेची सूचनाही मी सांगितली. त्यावर शुक्रवारी सभागृह बालचमूच्या वर्गाला दिलेले आहे, एवढेच कोणीतरी म्हणाले आणि विषय पुढे सरकला.

ऑर्गनवादक बैठकीला आले नाहीत. त्यांच्याकडे मी काल संध्याकाळी गेलो, कारण गायनवृंदाच्या कपाटात धूळ झटकताना मला बोमाँट आणि ॲपलफर्ड यांच्या गटाची एक पातळ, कडा पिवळ्या पडलेली पुस्तिका मिळाली होती. देवाचे आभार मानण्याच्या त्या जुन्या जर्मन गीताला बोमाँट यांनी दिलेली ‘ग्राशियास’ ही चाल तिच्यात आहे. ही चाल सत्तर वर्षांपूर्वी कशी उथळ ठरवली गेली होती ते त्यांना दाखवावे आणि मग हळूच आपला मुद्दा सांगावा, अशी माझी योजना होती.

मी पुस्तिका पुढे केली, तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ पाहिले, ती न उघडताच पियानोच्या झाकणावर ठेवली आणि संपूर्ण चाल वाजवली, मधल्या वळणासकट. शाळेत असताना 1963 साली सकाळच्या प्रार्थनेला ही रोज असायची, तेव्हा आमच्या संगीताच्या मास्तरांना ती सहन होत नसे, असे ते म्हणाले. मग तिसऱ्या ओळीतले स्वरमेळ बोमाँट यांनी आळशीपणाने लिहिले आहेत असे सांगून त्यांनी ती ओळ दोनदा स्वतःच्या पद्धतीने वाजवून दाखवली, आणि पुढच्या रविवारी सकाळी मला साडेनऊला तालमीला यायला सांगितले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.